मागचा पसारा आणि रानातली प्रचि (प्रकाशचित्रं): चौकट कुठे लावायची, क्रॉप किती करायचा?

उजनीकाठ
नमस्कार मंडळी. चार प्रचि देतो आहे. चारही ठिकाणी डोळा फोकसमध्ये आहे, उजेड बरा आहे, पण पाहणाऱ्याची नजर मागच्या गर्दीतच अडकते. क्रॉप करून यातलं काय वाचेल आणि काय घेतानाच वेगळं करायला हवं होतं, ते नेमकं सांगा. कॅमेरा फुल फ्रेम, २४ मेगापिक्सेल, म्हणजे ६००० × ४०००. लेन्स १५०-६००. चारही वेळा ६०० मिमी, अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/६.३.

१) वेडा राघू, वेड्या बाभळीच्या फांदीवर. अंतर साधारण ९ मीटर. मागे एका मीटरवर त्याच झाडाच्या काटक्यांचं जाळं.
२) भिगवणला चित्रबलाकांचा थवा, होडीतून. मागच्या काठाची पांढरट रेघ थेट मानांवरून जाते.
३) ताडोबा. वाघ रस्त्यावरून समोर चालत येतोय, अंतर ६० मीटर. त्याच्या मागे १५ मीटरवर दुसरी जिप्सी (सफारीची उघडी गाडी).
४) सासवडकडच्या माळावर माळटिटवी. १० मीटरवरून, उभ्याने घेतलेला. मागे मुरूम, खडे आणि वाळकी कुसळं, सगळं दाणेदार.

माळरान
चारही प्रचिंचं उत्तर एकाच गोष्टीपासून सुरू होतं. क्रॉप केल्याने पक्षी आणि त्याच्या मागची वस्तू यांचं नातं बदलत नाही. काटकी जर राघूच्या पाठीला चिकटलेली दिसत असेल, तर क्रॉपनंतरही तशीच दिसेल, फक्त मोठी होऊन. क्रॉप फक्त कडेचं काढतो. पक्ष्याला लागून असलेलं जे काही आहे ते शटर दाबण्याआधीच ठरलेलं असतं.

मागचं किती विरघळेल याचा साधा हिशेब आहे आणि तो पाठ असलेला बरा. फोकल लेंथला (लेन्सचा मिमीतला आकडा) एफ-आकड्याने भागा. तुमच्या लेन्सचं ६०० भागिले ६.३, म्हणजे ९५ मिमी. हा अपर्चरचा खरा व्यास. आता पक्षी ते मागची वस्तू हे अंतर घ्या, त्याला कॅमेरा ते मागची वस्तू या अंतराने भागा आणि ९५ ने गुणा. जे येईल तेवढ्या मिलिमीटरची चकती होऊन मागचा प्रत्येक बिंदू पसरतो, पक्ष्याच्याच मापात.

प्रचि १ मध्ये काटक्या १ मीटर मागे, कॅमेऱ्यापासून १०. म्हणजे ९५ × १/१०, साडेनऊ मिमी. काटकी ५ मिमी जाड असेल तर ती थोडी सुजेल, पण काटकी म्हणून ओळखू येईलच. राघू स्वतः १६-१८ सेंमीचा, त्याच्यामागे ही जाळी म्हणजे पक्ष्यावर रेघोट्या. तीच काटकी ५ मीटर मागे असती तर ३४ मिमी, ३० मीटर मागे असती तर ७३ मिमी. तिथे फक्त रंग उरतो.

इतर लेन्सचे व्यासही देऊन ठेवतो: ३०० एफ/४ चा ७५, १००-४०० चा ४०० ला एफ/५.६ वर ७१, ७०-३०० चा ३०० ला ५४, ६०० एफ/४ चा १५०. दीडशे मिमीची ती महागडी लेन्स गर्दीतही पक्षी मोकळा करते ती या व्यासामुळे. पण काटकी मीटरभरच मागे असेल तर तिलाही १५ मिमीच मिळतात. म्हणजे जागा चुकली तर पैसे ओतूनही फारसं काही होत नाही.

निशाचर
माझ्याकडे क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान) आहे. त्यावर पार्श्वभूमी कमी धूसर येते असं वाचलं होतं. खरं का?

माळरान
@निशाचर, लेन्स तीच, अंतर तेच, अपर्चर तेच असेल तर चकती तेवढीच. वरच्या हिशेबात सेन्सर येतच नाही. फरक पडतो तो माणूस मागे सरकतो तेव्हा. क्रॉप सेन्सरवर पक्षी चौकटीत मावत नाही म्हणून ९ ऐवजी १३-१४ मीटरवर गेलात, की भागाकारातलं खालचं अंतर वाढलं आणि चकती लहान झाली. १.४ एक्स टेलिकन्व्हर्टरचंही (लेन्समागे लावायचं जोडभिंग) तेच. फोकल लेंथ वाढली तरी एक स्टॉप (निम्मा उजेड) जातो, व्यास होता तेवढाच राहतो. पक्षी मोठा दिसतो, पसाराही त्याच प्रमाणात मोठा दिसतो.

रानवाट
माळरान यांच्या हिशेबाला जोड देते. चकतीइतकंच महत्त्वाचं आहे बाजूला सरकणं, आणि तिथेही हिशेब तितकाच सोपा आहे. तुम्ही जितकं सरकाल, त्याला (पक्षी ते मागची वस्तू) भागिले (कॅमेरा ते पक्षी) याने गुणा. तेवढी मागची वस्तू पक्ष्यामागून हलते.

अर्धा मीटर सरकलात, राघू ९ मीटरवर:
काटकी १ मीटर मागे असेल तर जेमतेम साडेपाच सेंमी हलेल. राघू १७ सेंमीचा, म्हणजे त्याच्या मागून ती बाहेर काढायला दीड मीटरहून जास्त जायला हवं.
विजेचा खांब ३० मीटर मागे असेल तर तोच अर्धा मीटर त्याला १ मीटर ६७ सेंमी हलवतो.

याचा अर्थ, दूरची अडचण अर्ध्या पावलात सुटते आणि जवळच्या अडचणीला तीन-चार पावलं लागतात. बहुतेक जण जवळच्या काटकीसाठी नुसती मान तिरकी करतात आणि काही फरक पडला नाही म्हणून सोडून देतात.

राघू या बाबतीत फार सोयीचा पक्षी आहे. तो फांदीवरून झेप घेतो, हवेत माशी पकडतो आणि बऱ्याचदा त्याच टोकावर परत येतो, तिथेच माशी आपटतो. त्यामुळे तो उडाला की जागा बदला, येण्याची वाट बघा. टोकाची मोकळी काटकी, जिच्यामागे २०-३० मीटर तरी काही नाही, ती आधी हेरून ठेवा आणि फोकस तिच्यावरच लावून थांबा. पक्ष्याच्या मागे मागे फिरत राहिलात तर तो नेहमी तुमच्या सोयीच्या नाही, त्याच्या सोयीच्या फांदीवर बसलेला सापडेल.

आणि एक गोष्ट निक्षून. काटक्या मोडून, फांद्या बांधून पार्श्वभूमी साफ करायची नाही. घरट्याजवळ तर अजिबातच नाही. घरट्यावरची ती फांदी ऊन आणि शिकारी पक्षी अडवत असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं.

माळरान
+१. आता प्रचि ४, कारण तिथे सगळा खेळ उंचीचा आहे.

टिटवीचं डोकं जमिनीपासून अंदाजे २० सेंमी धरू. तुम्ही उभे, कॅमेरा दीड मीटरवर, अंतर १० मीटर. तुमच्या डोळ्यापासून तिच्या डोक्यावरून जाणारी रेघ पुढे वाढवलीत तर ती तिच्या मागे दीड मीटरवरच जमिनीला टेकते. म्हणजे तिच्या डोक्यामागची पार्श्वभूमी दीड मीटरवरचा मुरूम. चकती फक्त १२ मिमी. खडे दाणेदार दिसणारच.

कॅमेरा ३० सेंमीवर आणा. तीच रेघ आता २० मीटर मागे जमिनीला लागते. चकती ६३ मिमी. लेन्स तीच, पक्षी तोच, माळ तोच. फक्त आडवं व्हायला हवं. २० सेंमीच्याही खाली गेलात तर डोक्यामागे जमीन येतच नाही, थेट क्षितिजापलीकडची टेकडी नाहीतर आभाळ येतं.

आडवं होताना काय बिघडतं तेही सांगतो. पहिलं, ऑटोफोकस पुढच्या गवताच्या पात्यावर जाऊन बसतो. एकच फोकस पॉइंट निवडा, डोक्यावर ठेवा. ‘आय डिटेक्शन’ असेल तरी त्याचा भाग लहान करून ठेवा. दुसरं, पात्यांचा पडदा. पातं पक्ष्याच्या पुढे १ मीटरवर असेल तर त्याची चकती ९५ × १/९, साडेदहा मिमी, ते छातीवर रेघ मारेल. तेच पातं लेन्सपासून २ मीटरवर असेल तर ९५ × ८/२, ३८० मिमी, पूर्ण विरघळतं, फक्त कॉन्ट्रास्ट किंचित उतरतो. म्हणून लेन्सजवळचं गवत चालेल, पक्ष्याजवळचं नको. तिसरं, उन्हाळ्यात दहा वाजल्यानंतर मुरमावरची हवा थरथरते आणि ती जमिनीलगत सगळ्यात जास्त थरथरते. फोकस बरोबर असूनही पिसं मऊ येतात, आणि असं प्रचि क्रॉप केलं की तो मऊपणाच मोठा होतो. सकाळी साडेआठच्या आत काम उरकायचं.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं. उन्हाळा हा माळटिटवीचा अंडी घालण्याचा काळ. अंडी उघड्या जमिनीवर, मुरमाच्याच रंगाची, साधारणपणे चार. झोपण्याआधी आजूबाजूची जमीन पायाने नव्हे, नजरेने तपासा. पक्षी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागला किंवा पंख मोडल्याचं सोंग करू लागला, तर तुम्ही घरट्याजवळ आहात. आलात त्याच वाटेने मागे फिरा.

चंद्रपूरकर
प्रचि ३ बद्दल. ताडोबात, म्हणजे कुठल्याही सफारीत, पायाने सरकणं हा पर्याय नाही, म्हणून वरचे हिशेब जिप्सीत बसवून सांगतो.

वाघ ६० मीटरवर, मागची गाडी त्याच्या मागे १५ मीटरवर. चकती ९५ × १५/७५, १९ मिमी. मागच्या पर्यटकांचे चेहरे ओळखू येतात ते यामुळेच. जिप्सीत डाव्या सीटवरून उजव्या सीटवर गेलात, एक मीटर, तरी मागची गाडी १ × १५/६० म्हणजे फक्त २५ सेंमी हलेल. दीड मीटर रुंद गाडी २५ सेंमीने लपत नसते. त्यामुळे गाडीत धावपळ करू नका. आवाज होतो, गाडी हलते आणि शेजारच्याचं प्रचिही जातं.

उपाय आधीचा आहे. गाडी कुठे उभी करायची हे वाघ दिसायच्या आत ठरवावं लागतं. सरळ रस्त्यावर समोरून येणाऱ्या वाघामागे गाड्या येणारच. वळणाच्या बाहेरच्या अंगाला गाडी असेल तर वाघ वळताना त्याच्या मागे रस्ता नाही, बांबू येतो. ड्रायव्हर-गाइडला सकाळी गेटवरच सांगून ठेवा की जवळ नेऊ नका, वळणावर थांबवा. त्यांना ते आवडतंही, कारण गर्दीतून बाहेर राहता येतं. दुसरं, रस्त्याने चालणारा वाघ सतत रस्त्यावर राहत नाही. कडेच्या झाडाला वास घ्यायला, मूत्राचा फवारा मारायला बाजूला वळतो. ते दोन-तीन सेकंद गाडी मागून गेलेली असते. समोरून येतानाच तीसचे तीस फ्रेम उडवले तर बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरतो आणि नेमका तो क्षण हुकतो. छोट्या छोट्या बर्स्ट (सलग फ्रेम) मारा.

उंचीचं म्हणाल तर उभं राहू नका, बसा. उभ्याने कॅमेरा साधारण २.२ मीटरवर असतो, बसून १.६ वर. वाघाची पाठ ९० सेंमी धरा. वाघ २० मीटरवर असेल तर उभ्याने मागची जमीन १४ मीटरवर लागते, बसून २६ मीटरवर. ६० मीटरवर कोन तसाही सपाट असतो, तिथे फरक कमी जाणवतो. बीनबॅग दाराच्या कडेवर किंवा आडव्या दांडीवर. आत दीड-दोन किलो धान्य भरा, थर्माकोलचे गोळे नको, त्यात लेन्स डुलते.

उजनीकाठ
चंद्रपूरकर काका, म्हणजे प्रचि ३ चं आता काही होणार नाही? फक्त चेहऱ्याचा क्रॉप केला तर?

चंद्रपूरकर
६० मीटरवर ६०० ने वाघाचा चेहरा तुमच्या फाइलमध्ये साधारण ५०० पिक्सेल रुंद असेल. फोनच्या पडद्यावर कसाबसा चालेल, छापायचा म्हटलं तर २०० पीपीआयने (इंचाला २०० पिक्सेल) अडीच इंच. नको. उलट करा. गाडी पूर्ण आत ठेवा, अर्धी कापू नका. अर्धं चाक आणि अर्धा पर्यटक ही चूक वाटते, पूर्ण गाडी ही माहिती वाटते. वाघाचे कान आणि मागचं बोनेट यांच्यामध्ये थोडी तरी फट असलेली फ्रेम बर्स्टमधून शोधा. मग ते प्रचि ‘वाघ’ राहत नाही, ‘वाघ आणि बघणारे’ होतं, आणि तो विषयही खराच आहे.

पाणथळ
भिगवणच्या प्रचि २ ला कुणी हात लावला नाही, म्हणून लिहितो. वर ‘खाली जा, खाली जा’ असं चाललंय, ते जमिनीवरच्या लहान पक्ष्याला ठीक. पाण्यातल्या उंच पक्ष्याला डोळे झाकून लावू नका.

सपाट पाण्यावर क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर असतं. म्हणजे तुमचा कॅमेरा पाण्यापासून ९० सेंमीवर असेल तर दूरच्या काठाची रेघ प्रत्येक पक्ष्याला सुमारे ९० सेंमीवर कापेल. चित्रबलाक उभा साधारण ९५-१०० सेंमी. होडीत फळीवर बसून कॅमेरा नेमका तिथेच येतो, म्हणून रेघ माना कापते. तुमची लेन्स, तुमचा काठ, सगळं बरोबर आहे, उंची तेवढी नको तिथे आहे.

दोनच जागा चांगल्या. एक, कॅमेरा होडीच्या कडेवर टेकवून ३०-४० सेंमीवर. रेघ पायांवरून जाते, आणि माना-चोची सगळ्या दूरच्या काठाच्या एकसंध धूसर रंगावर येतात. पक्षी २५ मीटरवर आणि काठ २०० मीटर मागे असेल तर चकती ८४ मिमी, काही ओळखू येत नाही. दोन, रेघ डोक्याच्या वर जाईल इतकं उंच, म्हणजे काठावरून उभ्याने. मग मागे फक्त पाणी. होडीत मात्र उभं राहायचं नाही, होडी डुलते आणि पक्षी उडतात. शेकाट्यासारखा लहान पक्षी असेल तर फळीवर बसूनही रेघ डोक्याच्या वरच राहते, त्याला हा प्रश्न येत नाही.

थव्यात दुसरी अडचण असते माना एकमेकींवर चढण्याची. चोची आणि डोकी सुटी सुटी दिसतायत का एवढंच बघा. पाय एकमेकांत गुंतले तर चालतात, डोळे-चोची गुंतल्या की कोण कुठला कळत नाही.

ठाणे_खाडी
माझ्याकडे फक्त फोन आहे. खाडीवर रोहित खूप येतात. फोनवर यातलं काय लागू होतं?

पाणथळ
@ठाणे_खाडी, फोनच्या मुख्य कॅमेऱ्याच्या अपर्चरचा खरा व्यास ४ मिमीच्या आसपास असतो, त्यामुळे पार्श्वभूमी धूसर होण्याचा हिशेब सोडून द्या. पोर्ट्रेट मोड पिसांच्या आणि पायांच्या कडा खातो, रोहितचे बारीक पाय तर हमखास. क्षितिजाचा नियम मात्र फोनलाही तितकाच लागू. पक्षी एकटा मोठा घेण्याऐवजी खाडी, कांदळवन, मागच्या इमारती यांच्यासकट थवा घ्या. इमारती लपवण्याचा प्रयत्न करू नका, त्यांची वरची कड मात्र कापू नका. आणि डिजिटल झूम न करता घ्या. तो क्रॉपच असतो, घरी येऊन जास्त चांगला करता येतो.

शटरगती
आता घरी आल्यावरचं. मी लाइटरूम क्लासिक या सॉफ्टवेअरच्या अंगाने सांगतो, डार्कटेबलमध्येही क्रम हाच ठेवा.

आधी सरळ करा, मग कापा. क्रॉपसाठी ‘आर’ ही कळ. पाण्याची रेघ किंवा झाडाचे बुंधे बघून कोन लावा. फिरवण्याची किंमत असते: ३:२ प्रमाण राखून १ अंश फिरवलं तर ५ टक्के पिक्सेल जातात, २ अंशाला जवळजवळ १०. घेताना कडेला जागा सोडली नसेल तर शेपटीचं टोक इथेच जातं.

मग चित्र वाईट करून बघा. म्हणजे तात्पुरतं कृष्णधवल करा: रंग गेला की नजर कुठल्या उजळ डागाकडे पळते ते लगेच दिसतं. मग ग्रिडमध्ये अगदी लहान, २०० पिक्सेलचं करून बघा. तेवढ्यात पक्षी कळत नसेल तर क्रॉपची नाही, फ्रेमचीच अडचण आहे.

मग चारही कडांवरून एकदा फिरा. नजर खेचणाऱ्या गोष्टी बहुतेक कडेलाच असतात: कोपऱ्यातला आभाळाचा पांढरा तुकडा, कडेतून आत घुसलेली एकच काटकी, दुसऱ्या पक्ष्याची अर्धी चोच. काटकी काढायला २० पिक्सेल लागत असतील तर २० च काढा. त्या नादात पक्ष्याच्या पुढची जागा खाऊ नका. नजर ज्या दिशेला आहे तिकडे जास्त, साधारण ६०-४०. हा काही वेदवाक्य नव्हे, मागे घाटाची सुंदर उतरण असेल तर मागेही जागा सोडावी.

शरीर कापायचंच असेल तर ठाम कापा. छातीत कापलं तर मुद्दाम केलेलं दिसतं. शेपटीचं शेवटचं सेंमीभर, कानाचं टोक, पायाचा सांधा इथे कापलं तर चुकून राहिलेलं दिसतं. स्वर्गीय नर्तकाचा नर असेल तर शेपटीची लांब फीत पूर्ण ठेवून उभा क्रॉप, किंवा मग सरळ फक्त डोकं-छाती. मधलं काही नाही.

प्रमाण बदलणं हे पसाऱ्यावरचं सगळ्यात स्वस्त औषध. तुमच्या ६००० × ४००० मधून ४:५ उभा काढलात तर ३२०० × ४००० मिळतो, जवळजवळ १३ मेगापिक्सेल, आणि दोन्ही बाजूंचा पसारा एकदम जातो. प्रचि १ ला हेच करा. प्रचि २ ला २:१ आडवा. ‘एक्स’ दाबून आडवं-उभं होतं, ‘ओ’ दाबून मार्गदर्शक रेघा बदलतात.

किती कापायचं याची मर्यादा: दोन्ही बाजू निम्म्या केल्या की २४ चे ६ मेगापिक्सेल होतात. त्याच आकारात बघितलं तर नॉइज (चित्रातले दाणे) दोन स्टॉपने वाढल्यासारखा दिसतो, आयएसओ १६०० चं प्रचि ६४०० चं वाटतं. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. क्रॉपमुळे डेप्थ ऑफ फील्डही (पुढेमागे जेवढं फोकसमध्ये राहतं तेवढं अंतर) आक्रसतो. ९ मीटरवर ६०० ला एफ/६.३ वर तो सुमारे साडेआठ सेंमी. निम्मा क्रॉप केल्यावर तेवढ्याच मोठ्या आकारात बघितलं तर सव्वाचार. बाजूने बसलेला राघू त्यात मावतो, तोंड समोर करून बसलेल्याची शेपटी जाते. म्हणून ‘नंतर कापू’ म्हणून लांबून घेताना एफ/८ चा मोह होतो, पण मग मागचं जाळं आणखी कडक होतं. जमेल तर पक्षी बाजूने वळेपर्यंत थांबा, अपर्चर उघडंच राहू द्या.

शेवटी मास्क, म्हणजे चित्राचा निवडलेला भागच बदलणं. ‘सिलेक्ट बॅकग्राउंड’ घ्या. हायलाइट्स −३० ते −५०, टेक्स्चर आणि क्लॅरिटी −१५ ते −२५, सॅच्युरेशन −१० ते −१५, एक्स्पोजर जास्तीत जास्त अर्धा स्टॉप खाली. याहून पुढे गेलात की पक्ष्याभोवती उजळ कडा उमटते आणि तो वरून चिकटवल्यासारखा दिसतो. कडा तपासायला १०० टक्क्यांवर पिसांची किनार आणि पायांच्या मधली फट बघा, मास्क तिथेच चुकतो. नॉइज रिडक्शन पार्श्वभूमीवर जोरात, पक्ष्यावर हलकं. शार्पनिंगही फक्त पक्ष्याला. पानांमधून येणारे जळालेले पांढरे गोळे मात्र कुठल्याही स्लायडरने परत येत नाहीत, त्यात माहितीच नसते. मागे सावली असलेली बाजू निवडणं हाच त्यावर इलाज.

निशाचर
एवढं करण्यापेक्षा काटकी पुसून टाकली तर? हल्ली एका क्लिकमध्ये जाते. किंवा ‘लेन्स ब्लर’ने मागचं नंतर धूसर केलं तर?

रानवाट
निसर्ग विभागात कुठेही पाठवणार असाल तर नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत क्रॉप, टोन, धुळीचे डाग काढणं चालतं. वस्तू काढणं किंवा घालणं चालत नाही, आणि रॉ (कॅमेऱ्यातली मूळ) फाइल मागतात. फियाप आणि पीएसए या छायाचित्रण संस्थांची निसर्ग छायाचित्रणाची व्याख्याही हेच म्हणते. नंतर सॉफ्टवेअरने घातलेला धूसरपणाही त्यात बसत नाही.

आणि स्पर्धा सोडली तरी माझं मत तेच. राघू वेड्या बाभळीत बसतो ही नोंद आहे. बाहेरून आलेलं ते झाड माळावर किती पसरलंय आणि पक्षी ते कसं वापरतायत, हे त्या काटक्यांतूनच दिसतं.

शटरगती
ताई, नोंद म्हणून मान्य. पण कुणाला घरातल्या भिंतीसाठी प्रचि हवं असेल आणि खाली ‘एक काटकी काढली आहे’ असं स्पष्ट लिहिलं असेल, तर मला त्यात फसवणूक दिसत नाही. न सांगता करणं वाईट. मूळ रॉ मात्र कधीच पुसू नये, आणि बदललेल्या फाइलच्या नावातच तसं लिहून ठेवावं. वर्षभराने कुठली कुठली ते आठवत नाही.

रानवाट
ते लेबल पहिल्या शेअरनंतर गळून पडतं, ही माझी हरकत आहे. भिंतीवरचं भिंतीवर राहिलं तर ठीक.

माळरान
दोघांच्या मध्ये एक वाट आहे, पसारा लपवायचा नाही, लावायचा. काटक्या जर सगळ्या चौकटीत सारख्या पसरल्या असतील तर त्या पोत होतात. एकच काटकी त्रास देते, शंभर देत नाहीत. अशा वेळी घट्ट क्रॉप करू नका, उलट सैल ठेवा: पक्षी चौकटीच्या एक-दशांश, भोवती पूर्ण जाळं, आणि डोळ्याभोवती मुठीएवढी तरी मोकळी जागा. ठिपकेवाला पिंगळा ढोलीत, बिबट्या घाणेरीच्या जाळीत, शेकरू पानांत, यांना ‘स्वच्छ’ पार्श्वभूमी देण्याचा अट्टहास केला की प्राण्याची लपण्याची सगळी कला वाया जाते. फक्त डोळा आणि चेहऱ्याची बाह्यरेषा यावरून काही जाता कामा नये, ही एक अट.

मोठ्या प्राण्यांचंही तसंच. मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा घेताना मागे शेतं, तारा, दूरची वस्ती येतेच. चिंकाऱ्याच्या पाठीची रेघ आणि तारेची रेघ एकमेकींना न छेदता समांतर ठेवा, शिंगांच्या मागे खांब येऊ देऊ नका. बाकी वस्ती राहू दे.

उजनीकाठ
सगळ्यांचे आभार. प्रचि १ चा ४:५ केला. डाव्या कोपऱ्यातला आभाळाचा तुकडा गेला, जाळं राहिलं, पण आता त्रास कमी. ३ मध्ये पूर्ण गाडीची फ्रेम बर्स्टमध्ये सापडली, कान आणि बोनेट यांच्यात फट आहे. ४ वाचणार नाही हे पटलं, आडवं होऊन पुन्हा घ्यायला हवं. प्रचि २ ला १ अंश फिरवून २:१ केला, माना कापणारी रेघ आहेच. २४ × १२ इंच छापायचा विचार आहे. पिक्सेल पुरतील का, आणि रेघ थोडी मऊ करायला काय?

शटरगती
१ अंशानंतर ५८४७ × ३८९८ उरले असतील, त्यातून २:१ म्हणजे ५८४७ × २९२३. २४ इंचांना २४० पीपीआयच्या वर पडतं, आरामात पुरेल. शार्पनिंग छपाईच्या मापाला आणल्यानंतर करा, आधी नको. रेघेसाठी लिनिअर ग्रेडियंट दोन बाजूंनी ओढू नका, पाणीही काळवंडेल. ‘सिलेक्ट बॅकग्राउंड’ घ्या आणि त्याला ल्युमिनन्स रेंजने छेद द्या, फक्त वरचे उजळ टोन पकडा. हायलाइट्स −४०, व्हाइट्स −१५. मास्कने पक्ष्यांची पांढरी पिसं पकडली असतील तर ती ब्रशने वजा करा. चित्रबलाकाची मान पांढरी आहे, ती रेघेबरोबर काळवंडली तर सगळं मुसळ केरात.

पाणथळ
आणि मॅट कागदावर छापा. चकचकीत कागदावर ती रेघ पुन्हा उठून दिसते. आधी ८ × ४ इंचांचा नमुना काढून खिडकीच्या उजेडात बघा, मगच मोठा द्या.